फिर्यादीला अपील नाही

आमच्यासमोर एक पत्र आहे. एका राज्याच्या वैद्यक परिषदेने ते २०२१ साली पाठविले. मजकूर अवघा दोन ओळींचा. तक्रारीची समितीने छाननी केली, संबंधित डॉक्टरांकडून निष्काळजीपणा झाल्याचे आढळले नाही, सबब प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे. खाली सही आणि शिक्का. हे पत्र ज्यांना आले त्या आमच्या एका दिवंगत स्नेह्याच्या पत्नी. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. शहराचे, रुग्णालयाचे आणि परिषदेचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. बृहन्महाराष्ट्रातील कोणत्याही राज्याचे नाव त्या जागी घातले तरी या लेखातील एकही वाक्य बदलावे लागणार नाही.

हकीकत थोडक्यात अशी. २०१८ साली आमच्या स्नेह्यांची पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी त्यांस घरी पाठविण्यात आले. रात्री ताप भरला, पोट फुगले. दूरध्वनीवर सांगण्यात आले की गॅस झाला असेल, गोळी द्या. सहाव्या दिवशी पुन्हा भरती, आठव्या दिवशी मृत्यू. यात डॉक्टरांचा दोष होताच असे आम्ही म्हणत नाही. ते ठरविण्याचे ज्ञान आम्हांस नाही आणि वहिनींनाही नव्हते. त्यांना हवे होते ते इतकेच की, कोणी जाणकाराने कागद पाहावेत आणि जे झाले ते टळण्यासारखे होते की नव्हते, हे कारणांसह सांगावे. तीन वर्षे त्यांनी एक फाइल सांभाळली, प्रत्येक कागदावर क्रमांक घातला. शेवटी ते दोन ओळींचे पत्र घेऊन त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, तुम्ही इतकी वर्षे सरकारात होता. आता अपील लिहून द्या."

आम्ही अपील लिहून दिले. ते दिल्लीहून परत आले. कारण असे की, राज्य परिषदेच्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा अधिकार नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकास आहे, तक्रारदारास नाही.

हे वाचून प्रथम आमचा विश्वास बसला नाही. चाकरीच्या काळात नियमपुस्तकांशी आमची बरीच झटापट झाली असल्यामुळे आम्ही मूळ कायदाच काढून वाचला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम २०१९ सालचा. तो २५ सप्टेंबर २०२० पासून अमलात आला आणि जुनी भारतीय वैद्यक परिषद इतिहासजमा झाली. त्याच्या ३० व्या कलमात शिस्तभंगाची व्यवस्था आहे. राज्य परिषदेच्या कारवाईने व्यथित झालेल्या डॉक्टरास आयोगाच्या नीती व वैद्यकीय नोंदणी मंडळाकडे अपील करता येते. तेथेही समाधान न झाल्यास खुद्द आयोगाकडे दुसरे अपील करता येते. डॉक्टरास अशी दोन अपिले. ज्याचा माणूस गेला त्याच्यासाठी त्या कलमात एकही शब्द नाही.

यातील खेदाची गोष्ट अशी की, पूर्वी हा शब्द होता. वैद्यकीय वर्तन, शिष्टाचार व नीती यांविषयीचे विनियम २००२ साली झाले. त्यात २००४ साली भर घालून असे म्हटले होते की, राज्य परिषदेच्या निर्णयाने व्यथित झालेल्या कोणत्याही व्यक्तीस साठ दिवसांत केंद्रीय परिषदेकडे अपील करता येईल. 'कोणत्याही व्यक्तीस' या दोन शब्दांत विधवा येत होती, बाप येत होता, स्वतः रुग्णही येत होता. सुधारणेच्या नावाने नवा कायदा आला आणि ते दोन शब्द गळाले. विनियम कागदावर आहेतच. पण कायदा आणि विनियम यांत विसंगती आली की कायदा वरचढ ठरतो, हे कोणताही कारकून सांगेल. पुढे २०२२ च्या अखेरीस केंद्र शासनाने दुरुस्तीचा जो मसुदा लोकांपुढे ठेवला, त्यात तक्रारदारास अपिलाचा अधिकार देण्याचा प्रस्ताव होता. म्हणजे चूक झाली हे शासनासही उमगले होते. मसुदा मात्र कायदा झाला नाही. एखाद्या मंडळाने बैठकीत ठराव करून तक्रारदारांची अपिले ऐकावयाचे मनावर घेतले, तरी ती मेहेरबानी झाली. बैठकीच्या ठरावाने मिळालेले पुढच्या बैठकीत काढून घेता येते. हक्क कायद्यात लागतो.

आता कोणी म्हणेल, एवढा आटापिटा कशासाठी? राज्य परिषदेत तज्ज्ञ डॉक्टर बसलेले असतात. त्यांनी दिलेला निर्णय मान्य करावा. येथेच आमचा खरा आक्षेप आहे. परिषदेत निर्णय देणारे बहुतांशी डॉक्टरच, आणि बहुतेक राज्यांत त्यांच्यापैकी अनेक जण डॉक्टरांच्याच मतांवर निवडून आलेले. ज्यांची मते मागून आपण खुर्चीवर बसलो, त्यांच्यावर शिक्षेचा कागद काढावयाचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ. माणसाच्या स्वभावाकडून याहून अधिक अपेक्षा करणे हेच मुळी चूक आहे. सचोटीच्या मनुष्यासही अशा खुर्चीवर अवघडल्यासारखे होईल, आणि सचोटी नसलेल्यास ती खुर्ची फार सोयीची होईल.

परिणाम आकड्यांत पाहावा. वैद्यक परिषदेच्या कारभाराविषयी संसदेच्या स्थायी समितीने मार्च २०१६ मध्ये अहवाल सादर केला. त्यात नमूद आहे की, १९६३ ते २००९ या काळात परिषदेच्या नीती समितीने काळ्या यादीत घातलेले डॉक्टर अवघे १०९. सेहेचाळीस वर्षांत एकशे नऊ; म्हणजे एवढ्या खंडप्राय देशात वर्षाला दोघांच्या किंचित वर. या अवधीत आपल्याकडील डॉक्टर देवदूत होते असे मानावे, किंवा परिषद डोळे मिटून बसली होती असे मानावे. तिसरा पर्याय आम्हांस दिसत नाही. जी परिषद इतरांच्या नीतीची राखणदार, तिच्या अध्यक्षांनाच एप्रिल २०१० मध्ये लाचेच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली आणि मे महिन्यात वटहुकूम काढून परिषद बरखास्त करावी लागली, हेही वाचकांच्या स्मरणात असेल. कुंपणच शेत खाऊ लागल्यावर पिकाने कोणाकडे पाहावे?

अनुराधा साहा यांचे प्रकरण तर या साऱ्याचा आरसा आहे. पतीसह अमेरिकेत राहणाऱ्या या बाई १९९८ साली सुटीवर कोलकात्यास आल्या असता अंगावर पुरळ उठले. उपचारात एका स्टेरॉइडची मात्रा वारंवार देण्यात आली, प्रकृती बिघडत गेली, त्यांस मुंबईस हलविले आणि मे महिन्यात तेथेच त्यांचा अंत झाला. पती डॉ. कुणाल साहा स्वतः डॉक्टर असल्यामुळे त्यांना काय चुकले ते कळत होते, आणि लढण्याचे बळही त्यांच्यापाशी होते. पश्चिम बंगालच्या परिषदेने डॉक्टरांना निर्दोष ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली निष्काळजीपणा झाल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर २०११ मध्ये केंद्रीय परिषदेने जी शिक्षा दिली ती तीन महिन्यांच्या निलंबनाची. २०१३ साली त्याच न्यायालयाने सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई ठरविली. एकच मृत्यू, एकच कागदपत्रे. राज्य परिषदेला त्यात दोष दिसत नाही, केंद्रीय परिषदेला तीन महिन्यांपुरता दिसतो आणि न्यायालयाला सहा कोटींचा दिसतो. पती डॉक्टर नसता, अमेरिकेत नसता, पंधरा वर्षे लढण्याची ऐपत नसती, तर या प्रकरणाचा शेवटही वहिनींच्या पत्रासारखाच दोन ओळींत झाला असता.

शिक्षेचे मापच नसणे हा दुसरा दोष. २००२ च्या विनियमांत परिषदेस योग्य वाटेल ती शिक्षा देण्याची, किंवा काही काळ अथवा कायमचे नाव नोंदवहीतून काढण्याची मुभा आहे. कोणत्या कसुरास कोणती शिक्षा, हे बव्हंशी सांगितलेले नाही. एका बाबतीत मात्र तक्ता आहे आणि तो चांगला बारकाईने केलेला आहे. औषध कंपन्यांकडून भेटवस्तू घेण्याबद्दल २०१६ च्या दुरुस्तीने दर ठरविले : एक ते पाच हजारांपर्यंत ताकीद, पाच ते दहा हजारांस तीन महिने, दहा ते पन्नास हजारांस सहा महिने, पन्नास हजार ते एक लाखास एक वर्ष, त्यापुढे त्याहून अधिक. तक्ता असावा, आमची त्यास हरकत नाही. पण वाचकांनी गणित करून पाहावे. वीस हजारांच्या भेटीस सहा महिने. आणि सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजीपणाचा ठपका ठेवलेल्या मृत्यूस तीन.

ऑगस्ट २०२३ मध्ये आयोगाने नवे विनियम काढले होते. त्यांत गैरवर्तनाच्या पायऱ्या आणि त्यांनुसार शिक्षा ठरविण्याची तजवीज होती. २ ऑगस्टला ते राजपत्रात आले आणि २३ ऑगस्टला स्थगित झाले. वादळ उठले ते औषधांची जातिवाचक नावे लिहिण्याच्या सक्तीवरून आणि कंपन्यांच्या पैशाने होणाऱ्या परिषदांवरील बंदीवरून. त्या वादात दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे होते हे आम्ही मान्य करतो. परंतु घराच्या एका खिडकीवरून भांडण झाले म्हणून सारे घरच पाडले गेले. शिक्षेची शिडी एकवीस दिवस उभी राहिली आणि खाली आली. आपण पुन्हा २००२ सालच्या विनियमांवर येऊन बसलो.

आम्ही राज्यशासनाच्या चाकरीत आयुष्य घालविले. विभागीय चौकशा स्वतः केल्या, आणि एकदा आमच्यावरही झाली. तेव्हा तुलना करण्याचा थोडा अधिकार आम्हांस आहे असे समजतो. पटवाऱ्याने उताऱ्यात खाडाखोड केली तर त्यास आरोपपत्र मिळते. कलमवार आरोप, प्रत्येक आरोपामागील पुरावा, साक्षीदारांची यादी, सारे लेखी असते. चौकशी अधिकाऱ्यास निष्कर्षाची कारणे लिहावी लागतात. लघुशास्ती कोणत्या, दीर्घशास्ती कोणत्या, हे नियमात ओळीने छापलेले असते. सरकारी चौकशा गतिमान असतात असा दावा आम्ही कदापि करणार नाही. आमच्याच कपाटात वर्षानुवर्षे धूळ खात पडलेली प्रकरणे आम्हांस आठवतात. पण एखाद्या चौकशी अधिकाऱ्याने दोन ओळींत 'आरोप आढळला नाही' असे लिहून फाइल वर पाठविली असती, तर ती त्याच दिवशी त्याच्या टेबलावर परत आली असती.

येथे एक चतुर प्रश्न विचारला जाईल, आणि तो आम्हांस विचारलाही गेला आहे. विभागीय चौकशीत तरी फिर्यादीला अपील कोठे असते? खरे आहे, नसते. परंतु तेथे शासन स्वतः दुखावलेला पक्ष असते. कनिष्ठाने सौम्य शिक्षा दिली तर प्रकरण स्वतःहून मागवून ती वाढविण्याचा अधिकार वरिष्ठास असतो, आणि तो वापरला जातो. वैद्यक परिषदेत दुखावलेला पक्ष परिषद नव्हे. रुग्णाच्या वतीने त्या खोलीत कोणीच बसलेला नसतो. म्हणूनच दार रुग्णासाठी उघडे हवे.

हा सारा विचार पाश्चात्त्यांकडून उसना घेतलेला आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. चरकसंहितेने वैद्यांचे दोन वर्ग सांगितले आहेत : प्राणाभिसर आणि रोगाभिसर. पहिला प्राण राखतो, दुसरा रोग वाढवितो. आणि हा दुसरा वैद्याचाच वेष घेऊन गावात हिंडत असतो, असा इशाराही तेथे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर कंटकशोधनाच्या अधिकरणात वैद्य येतो. जिवास धोका असलेला उपचार आगाऊ वर्दी न देता सुरू केला आणि रोगी दगावला तर एक दंड. उपचाराच्या चुकीने दगावला तर त्याहून मोठा. म्हणजे सूचना न देणे हा निराळा गुन्हा आणि चुकीचा उपचार हा निराळा, एवढा विवेक त्या ग्रंथात आहे. लक्षात घेण्याजोगे हे की, कौटिल्याने तो दंड ठरविण्याचे काम वैद्यांच्या श्रेणीकडे सोपविले नाही. ते राज्याकडे ठेवले.

आता डॉक्टरांची बाजू. ती मांडल्यावाचून हा लेख एकांगी होईल, आणि आमच्या घरातही डॉक्टर आहेत. डॉक्टर म्हणतात, वैद्यक हे शास्त्र अनिश्चिततेचे आहे. योग्य उपचार होऊनही रोगी दगावतो. प्रत्येक मृत्यूमागे गुन्हेगार शोधू नका. अगदी खरे. मार्च २०२२ मध्ये राजस्थानातील दौसा जिल्ह्यात लालसोट येथे प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने एक स्त्री दगावली. जमाव जमला, पोलिसांनी डॉक्टर बाईंवर खुनाचा गुन्हा नोंदविला आणि त्या बाईंनी आत्महत्या केली. ही बातमी वाचून ज्याच्या पोटात कालवले नाही त्याने या विषयावर बोलूच नये. अशा अनर्थांपासून डॉक्टरांस वाचविण्यासाठीच सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली दंडक घातला की, दुसऱ्या डॉक्टराच्या निष्पक्ष अभिप्रायावाचून डॉक्टरवर फौजदारी चालवू नये. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास इतरांस पाच वर्षांपर्यंत आणि उपचार करताना तसे घडल्यास नोंदणीकृत डॉक्टरास दोन वर्षांपर्यंत कैद, असा भेद ठेवला आहे.

या सवलती योग्यच आहेत. पण त्या कशाच्या भरवशावर दिल्या? डॉक्टरांना शिस्त लावणारी स्वतंत्र आणि जाणती संस्था आहे, या भरवशावर. फौजदारीचे दार अरुंद केले की परिषदेचे दार रुंद असावयास हवे. आपण दोन्ही अरुंद केली. मग माणसे तिसऱ्या दाराकडे वळतात, आणि त्या दारात दगड घेतलेला जमाव उभा असतो. लालसोटच्या जमावाला कोणी विचारले असते की परिषदेकडे का गेला नाहीत, तर त्यांपैकी एकानेही अशी काही परिषद असते हे ऐकले नसावे. आमचे म्हणणे डॉक्टरांनी नीट ऐकावे. परिषदेचा न्याय सर्वांसमोर, कारणांसह आणि वेळेवर झाला, तर त्याचा पहिला लाभ निर्दोष डॉक्टरास होईल. बंद खोलीत मिळालेल्या निर्दोषत्वावर गावात कोणी विश्वास ठेवीत नाही. वहिनींच्या प्रकरणातील ते डॉक्टर कदाचित खरोखरच निर्दोष असतील. पण त्या दोन ओळींनी त्यांस निर्दोष केले नाही. जन्माचे संशयित करून ठेवले.

ग्राहक न्यायालये आहेत की, असे काही जण सुचवितात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणल्या हे खरे, आणि त्यामुळे अनेकांस दिलासा मिळाला. परंतु ग्राहक न्यायालय भरपाई देते. बहुधा ती विमा कंपनी भरते आणि डॉक्टर दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियागृहात हजर असतो. पुढच्या रोग्याचे रक्षण करणे हे काम नोंदवहीचे आहे. ती नोंदवही परिषदेच्या कपाटात आहे.

तेथील न्याय किती तुटपुंजा ठरतो, याची उदाहरणे आपल्याच परिसरात पुष्कळ आहेत. इंदुरात औषधचाचण्यांचे प्रकरण उघड झाले. मुलांवर आणि मनोरुग्णांवर झालेल्या चाचण्यांचा त्यात उल्लेख होता. २०१२ च्या आरंभी मध्य प्रदेश शासनाने चाचण्यांची माहिती न दिल्याबद्दल बारा डॉक्टरांना दंड केला. प्रत्येकी पाच हजार रुपये. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि चाचणीस संमती घेताना चित्रमुद्रण करण्याचा आदेश २०१३ साली निघाला तो न्यायालयाकडून. सांगली जिल्ह्यात म्हैसाळ येथे मार्च २०१७ मध्ये ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. बेळगाव भागातील वाचकांस ते गाव ठाऊक आहे. तेथील डॉक्टर होमिओपॅथीचा; त्याची नोंदवही निराळी, परिषद निराळी. रुग्णाने दार ठोठवायचे तरी कोणते? परळीचे प्रकरण याहून बोलके. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यात तरी शिक्षा स्पष्ट आहे : दोषारोप निश्चित झाल्यावर निलंबन, पहिल्या दोषसिद्धीस पाच वर्षे नोंदणी रद्द, पुन्हा घडल्यास कायमची. परळीच्या डॉक्टर दाम्पत्यास २०१२ सालच्या मृत्यूप्रकरणी २०१९ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्यांपैकी डॉक्टर गृहस्थ जामिनावर असताना पुन्हा दवाखाना चालवीत असल्याचे छाप्यात आढळले. नाव नोंदवहीतून खोडले तरी ते खोडले आहे हे गावाला कळले नाही, तर दवाखान्याची पाटी तशीच राहते. २००२ च्या विनियमांत नाव काढल्याची प्रसिद्धी स्थानिक वृत्तपत्रांतून करावी असे लिहिले आहे. आपल्या शहरात अशी सूचना शेवटची कधी वाचली, हे वाचकांनी आठवून पाहावे. आम्हांस तर एकही आठवत नाही.

इंग्लंडचे उदाहरण देताना आम्हांस संकोच होतो, कारण त्यांना शहाणपण फार मोठी किंमत मोजून आले. तेथील सर्वसाधारण वैद्यक परिषद १८५८ च्या कायद्याने निर्माण झाली. हॅरॉल्ड शिपमन नावाच्या डॉक्टरास मादक औषधांच्या बनावट चिठ्ठ्यांबद्दल १९७६ साली न्यायालयाने दंड केला. परिषदेने मात्र ताकीदपत्रावर भागविले. पुढे जानेवारी २००० मध्ये त्याच डॉक्टरवर पंधरा रोग्यांचे खून शाबीत झाले, आणि बळींची खरी संख्या अडीचशेच्या घरात असावी असा अंदाज चौकशी आयोगाने केला. त्या आयोगाच्या २००४ च्या अहवालात परिषदेवर ठपका होता तो हाच की, रुग्णांपेक्षा डॉक्टरांची काळजी वाहण्याकडे तिचा कल आहे. त्यानंतर बदल झाले. सुनावणीचे काम २०१२ पासून मँचेस्टर येथील एका निराळ्या न्यायपीठाकडे गेले. सुनावण्या सामान्यतः खुल्या. परिषदेत निम्मे सभासद डॉक्टर नसलेले. शिक्षा फार सौम्य वाटल्यास ती उच्च न्यायालयात नेण्याचा अधिकार एका स्वतंत्र संस्थेस. तेथेही अतिरेक झाले. २०१८ साली परिषदेने एका तरुण डॉक्टर बाईंचे नाव कायमचे काढण्याचा हट्ट धरला, तेव्हा अपील न्यायालयाने तो मोडून काढला. दोन्ही बाजूंची चूक दुरुस्त होऊ शकली, कारण सारे उघड्यावर होते.

आणि इतके दूर कशास जावे? आपल्याच संसदेने २०२२ मध्ये सनदी लेखापालांचा कायदा दुरुस्त केला. त्यांच्या शिस्तपालन समितीचा अध्यक्ष लेखापाल नसावा आणि समितीत बाहेरच्यांचे बहुमत असावे, अशी तरतूद त्यात केली. हिशेबाच्या वह्यांसाठी जे शहाणपण सुचले, ते माणसाच्या देहासाठी का सुचू नये?

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. ३० व्या कलमात 'व्यथित व्यक्ती' हे शब्द परत आणावेत. प्रत्येक राज्य परिषदेच्या शिस्तपालन समितीत निम्मे सभासद डॉक्टर नसलेले असावेत आणि अध्यक्षस्थानी निवृत्त न्यायाधीश असावा. सहा महिन्यांची मुदत विनियमांत आजही आहे. ती ओलांडल्यास प्रकरण आपोआप वरच्या मंडळाकडे जावे. निर्णय कारणांसह लिहावा, तज्ज्ञाच्या अभिप्रायाची प्रत दोन्ही पक्षांस द्यावी आणि शिक्षा झालेल्या डॉक्टराचे नाव कोणालाही सहज पाहता येईल असे ठेवावे. शिक्षेची शिडी पुन्हा उभी करावी.

शेवटी थोडे आपल्याविषयी. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात वसलेल्या आपल्या मराठी घरांत डॉक्टर हा केवळ डॉक्टर नसतो. तो आपल्या गणेशोत्सवाचा अध्यक्ष असतो, मंडळाचा देणगीदार असतो, मुलीच्या लग्नात पुढच्या रांगेत बसतो. त्याच्याविरुद्ध तक्रार करणे म्हणजे आपल्याच पंक्तीतून उठून जाणे. वहिनींनाही हेच ऐकावे लागले. "झाले ते झाले, आपल्यातलेच आहेत, आता कशाला?" असे सांगणाऱ्यांत, खोटे कशास बोलू, आरंभी आम्हीही होतो. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आमच्या भिडेपायी वहिनींचे पहिले चार महिने वाया गेले आणि त्या चार महिन्यांत रुग्णालयातून कागद मागवावयाचे राहिले. मागणी केल्यापासून बहात्तर तासांत कागद देणे डॉक्टरांस बंधनकारक आहे, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. आंतररुग्णाचे कागद सांभाळण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षे असते, हेही नव्हते. वहिनींच्या तक्रारीलाही तीनच वर्षे लागली.

आपल्या मंडळांनी व्याख्यानमाला चालवाव्यात, नाट्यस्पर्धा भरवाव्यात. त्याबरोबर एवढेही करावे. एखाद्या घरात असा प्रसंग आला तर पहिल्याच आठवड्यात कागद मागण्याचा अर्ज लिहून देणारे एक-दोन निवृत्त कारकून किंवा वकील मंडळाच्या यादीत असावेत. येत्या वार्षिक सभेत ३० व्या कलमाच्या दुरुस्तीचा ठराव मांडून तो आपापल्या खासदारास पाठवावा, आणि त्या ठरावास अनुमोदन देण्यास मंडळातील डॉक्टरांनीच पुढे यावे. आम्ही आमच्या मंडळाकडे तशी सूचना लेखी दिली आहे. वहिनींची फाइल आमच्याकडेच आहे. ती परत न्यायची का, असे आम्ही गेल्या महिन्यात त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "राहू द्या तुमच्याकडे. कायदा बदलला तर लागेल."